मुलांना घेऊन कोलोनच्या चॉकलेट म्युझियमला

भारतातून आमच्याकडे जर्मनीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कोलोन शहराचं कॅथीड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघायचं असतं, आणि ते बघायलाच हवं. १५७ मीटर उंचीचे ते दोन मनोरे स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या अंगावर येतात. पण सोबत लहान मुलं असतील तर कॅथीड्रल अर्ध्या तासात बघून घ्या आणि ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे चालायला लागा. वीसेक मिनिटांवर नदीत घुसलेल्या एका चिंचोळ्या पट्टीवर काच आणि धातूची, जहाजाच्या आकाराची इमारत दिसते. तेच इथलं चॉकलेट म्युझियम. मुलं चालून दमणारी असतील तर कॅथीड्रलपाशी शोको-एक्सप्रेस नावाची छोटी गाडी मिळते, ती थेट दारात सोडते. आमची धाकटी चार वर्षांची. तिला त्या गाडीचंच अप्रूप जास्त होतं.

हे म्युझियम १९९३ साली हान्स इमहॉफ या उद्योजकाने उभं केलं. कोलोनमध्ये १८३९ पासून चालत आलेली श्टोलवेर्क ही मिठाई-चॉकलेटची कंपनी त्यांनी १९७२ मध्ये हातात घेतली होती. जुन्या कारखान्यातल्या वस्तू भंगारात न घालता त्यांनी सांभाळून ठेवल्या. या श्टोलवेर्कवाल्यांचं डोकं फार सुपीक होतं. नाणं टाकलं की चॉकलेट बाहेर पडणारी यंत्रं त्यांनी १८८७ पासून गावोगाव बसवली. १९०३ मध्ये तर मुलांसाठी एक छोटासा पत्र्याचा फोनोग्राफ काढला, ज्याच्या तबकड्या चॉकलेटच्या असत! गाणं ऐकायचं आणि कंटाळा आला की तबकडी खाऊन टाकायची. हे ऐकल्यावर आठ वर्षांच्या आमच्या मोठ्याने विचारलं, "मग आता का नाही करत तसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, करायला हवं कुणीतरी.

इतिहासाच्या दालनांमध्ये मुलं फार रमत नाहीत. मध्य अमेरिकेतल्या जुन्या माया लोकांची भांडी, मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांचं तिखट कोको पेय, युरोपातल्या सरदारघराण्यांचे चिनी मातीचे नाजूक पेले, हे सगळं मोठ्यांनी बघावं. मुलांना मी एवढंच सांगितलं, की हजारो वर्षं चॉकलेट ही प्यायची गोष्ट होती आणि खायचा बार इंग्लंडमध्ये १८४७ साली पहिल्यांदा निघाला. तेवढं त्यांना पुरलं.

खरी मजा आहे ती काचघरात. दार ढकलून आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. बाहेर जर्मन हिवाळा आणि आत दमट, उबदार हवा. कोकोची खरी झाडं इथे लावली आहेत. सासूबाई आमच्यासोबत होत्या. त्या मूळच्या राजापूरकडच्या. झाडापाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "अगो, हे फणसासारखं खोडालाच लागलंय की!" अगदी तसंच. कोकोची फुलं आणि फळं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. फूल नखाएवढं, पांढरट गुलाबी. परागीभवन करतात ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे चिलटासारखे कीटक. त्या इवल्याशा फुलाचं पुढे वीतभर लांबीचं, खरबरीत सालीचं, पिवळं किंवा लालसर फळ होतं. आत पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया. धाकटीने फळाकडे बघून विचारलं, "पण याच्यात चॉकलेट कुठंय?" आजीने तिला कडेवर घेतलं आणि त्या दोघी बराच वेळ ते फळ बघत उभ्या राहिल्या. मी घाई केली नाही. तुम्हीही करू नका. दुकानातल्या चकचकीत कागदाआड एक झाड आहे, हे मुलांच्या डोक्यात उतरायला तेवढा वेळ लागतो.

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे मिळतं. फळ फोडून गरासकट बिया पाच-सात दिवस आंबवतात. चॉकलेटची चव तिथेच जन्माला यायला लागते. न आंबवलेल्या बीला ती चव येतच नाही. मग उन्हात वाळवणं, पोत्यांत भरून जहाजाने युरोपात आणणं, भाजणं, टरफल काढणं, दळणं. दळताना बियांतलं लोणी सुटतं आणि कोरड्या बियांचा काळसर पातळ लगदा होतो. म्युझियममध्ये काचेच्या भिंतीआड एक छोटा कारखानाच चालू असतो. मिसळणं, लाटणं, तासन्‌तास घोटणं, साच्यात ओतणं, गार करणं, कागदात गुंडाळणं, सगळं ओळीने दिसतं. घोटण्याची ही युक्ती १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंट यांना सापडली. त्याआधीचं चॉकलेट दाताखाली कचकच लागायचं. मोठा त्या साच्यांच्या पट्ट्यापाशी जो खिळला तो हलेना. साचे थरथरत पुढे सरकतात, कारण त्या थरथरण्याने चॉकलेटमधले हवेचे बुडबुडे निघून जातात. हे त्याने स्वतः बघून ओळखलं आणि मग बाबाला समजावून सांगितलं.

आणि मग कारंजं. तीन मीटर उंच, त्यात सुमारे २०० किलो कोमट, वाहतं चॉकलेट, आणि मागच्या काचेतून दिसणारी ऱ्हाईन. तिथे उभी असलेली बाई वेफर चॉकलेटमध्ये बुडवून प्रत्येकाच्या हातात देते. वास आधीच्या मजल्यावरूनच येत असतो. वेफर हातात पडला की लगेच खायचा, नाहीतर चॉकलेट मनगटावरून बाहीत उतरतं. लहान मुलांना गडद रंगाचे कपडे घाला आणि ओले रुमाल हाताशी ठेवा.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. कोको कुठे पिकतो हे सांगणाऱ्या दालनात मुलांना घेऊन थांबा. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, तोही बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या दोन-चार हेक्टरांच्या तुकड्यांतून. शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क या संशोधन संस्थेचा २०२० चा अहवाल सांगतो, की या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतीत बालमजुरी करतात. कोयत्याने फळं फोडणं, जड पोती उचलणं, फवारणीच्या औषधांजवळ वावरणं, अशी कामं. मोठ्याने विचारलं, "मग ती शाळेत कधी जातात?" मी खरं ते सांगितलं. काही जण शाळा करून शेतात येतात, काहींची शाळा बुडते, आणि आईवडिलांना पिकाचे पैसे फार कमी मिळतात म्हणून हे होतं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आपल्याकडं ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांचं वेगळं काय होतं, बाळा?" मग त्याला बीडकडून साखर कारखान्यांवर जाणाऱ्या कुटुंबांबद्दल सांगितलं. चॉकलेटमध्ये साखरही असतेच.

काही ओळखीचे म्हणतात, सहलीच्या दिवशी मुलांना हे कशाला? मला नाही पटत. आठ वर्षांचं मूल हे समजू शकतं. त्याचा वेफर यामुळे कडू झाला नाही. त्याने तो चवीने खाल्ला आणि परतीच्या गाडीत आणखी प्रश्न विचारले. चार वर्षांच्या मुलीला मात्र यातलं काही सांगितलं नाही. तिच्यासाठी झाड आणि कारंजं पुष्कळ होतं.

जाणार असाल तर थोडी कामाची माहिती. शनिवार-रविवारी आणि ख्रिसमसच्या आसपास तुफान गर्दी असते, तेव्हा तिकीट ऑनलाइन आधीच काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. बाबागाडीसाठी लिफ्ट आहे. जर्मनीत सहा वर्षांखालच्या मुलांना रेल्वेचं तिकीट लागत नाही. आपल्या आवडीचे जिन्नस निवडून चॉकलेट बनवून घेता येतं, पण ते हातात पडायला वेळ लागतो, म्हणून आल्या आल्या सांगून ठेवा आणि निघताना घ्या. दुकान अगदी शेवटी, बाहेर पडायच्या वाटेवरच आहे. मुलांनी प्रत्येकी एकच वस्तू घ्यायची, हे आत शिरण्याआधीच ठरवून टाका. कॅफेच्या खिडकीपाशी जागा मिळाली तर दाट, गरम चॉकलेट मागवा; जवळून मालवाहू बोटी जातात आणि मुलं कपातलं विसरून त्या मोजत बसतात. त्यानंतरही अंगात दम उरला असेल तर शेजारीच क्रीडा आणि ऑलिंपिक म्युझियम आहे, तिथे मुलांना हुंदडायला मिळतं. आम्ही तिकडे पुढच्या खेपेला जाणार आहोत, बाबाला सुट्टी मिळाली की.