ड्रेलासाची दाद वही: ती डार्क ब्रदरहूडमध्ये का गेली

तर मंडळी, अपडेट. ड्रेलासा, म्हणजे माझी स्कायरिम गेममधली कॅरेक्टर, लेव्हल १७, स्नीक (लपून वावरण्याचं कौशल्य) ५३, आणि परवा रात्री असॅसिन्स ब्लेडचा पर्क घेतला, म्हणजे लपून खंजीर मारला की डॅमेज १५ पट, वर डार्क ब्रदरहूडची म्होरकी ॲस्ट्रिड, तिने दिलेले ग्लोव्हज घातले की त्याच्या दुप्पट. सर्व्हायव्हल मोड चालू आहे त्यामुळे फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) आपोआपच बंद, घोडागाडी किंवा पायी. बिल्ड छान चाललाय. पण आजचा लॉग बिल्डचा नाही, ही बाई डार्क ब्रदरहूड या सुपारी घेऊन खून करणाऱ्यांच्या टोळीत मुळात शिरली का, आणि शिरल्यावर थांबली का, त्याचा आहे. स्कायरिम २०११ चा गेम आहे, तरी ज्यांनी डार्क ब्रदरहूडची लाईन खेळली नसेल त्यांनी आधी खेळून या, पुढे सगळं उघड बोलणार आहे.

आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये रविवारी नौपाड्यात एकाच्या घरी बसतो तेव्हा हा वाद दर वेळी होतो. एकाचं म्हणणं, इव्हिल कॅरेक्टर आहे ना, मग मोटिव्ह कशाला लागतो, क्वेस्ट आली की करायची. मला हे कधीच पटलं नाही. मोटिव्ह नसेल तर तुम्ही नकाशावरचा बाण फॉलो करताय, कॅरेक्टर खेळत नाही आहात. मोटिव्ह खरा आहे का हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते, तो कुठल्यातरी क्वेस्टमध्ये हात धरून अडवतो का. कुठेच अडवत नसेल तर तो नंतर चिकटवलेला.

याआधी तीन कॅरेक्टर्स मी याच पायी सोडून दिली. पहिलीचे आईबाप मारले गेलेले, सूड हवा होता. पण सूड एका माणसावर असतो, तो मेला की दुसऱ्या काँट्रॅक्टला (सुपारीला) ती काय म्हणून जाईल? दुसरा पैशासाठी गेला. स्कायरिममध्ये पैशाचा मोटिव्ह टिकत नाही, अल्केमी जरा वर गेली की नुसती पोशन विकून थैली भरते, मग रात्रीअपरात्री बर्फातून लांबलांब चालत जाऊन खून करायची त्याला गरजच उरली नाही. तिसरी सिथिसची, म्हणजे ब्रदरहूड ज्याला भजतं त्याची, भक्त होती. ही आयडिया अर्गोनियनला (सरड्यासारख्या जमातीला) शोभते, ब्रदरहूडमधल्या व्हीझारासारखं, शॅडोच्या राशीत जन्मलं म्हणून अंड्यातून बाहेर आल्यावर थेट ब्रदरहूडकडे सोपवलेलं पोर, त्याला निवड कुणी दिलीच नाही आणि त्यातच त्याची सगळी गोष्ट आहे. माझी ब्रेटन बाई एका रात्रीत भक्त कशी झाली ते मलाच कळेना, आठवड्यात सोडली.

ड्रेलासा डन्मर (डार्क एल्फ) आहे, विंडहेल्मच्या ग्रे क्वार्टरमध्ये वाढलेली. रेड माउंटन ज्वालामुखी फुटल्यावर मोरोविंड हा आपला देश सोडून आलेल्यांची वस्ती ती, जवळजवळ दोनशे वर्षं होत आली तरी निर्वासितच. शहरात शिरल्या शिरल्या पहिला सीनच बघा ना, रोल्फ एका डन्मर बाईला दम देत उभा असतो आणि गार्ड काही करत नाहीत. या लोकांची दाद कुणाकडे लागत नाही. यार्लकडे (शहराच्या सत्ताधीशाकडे) नाही, गार्डकडे नाही. मी हाच शब्द पकडला, दाद.

आता आजोबा. त्याच देशावरचा २००२ चा मोरोविंड गेम ज्यांनी खेळलाय त्यांना मोराग टाँग माहितीच असेल, मारेकऱ्यांचीच संघटना, पण कायदेशीर. लेखी हुकूमनामा मिळतो, त्यात नाव असतं, काम झाल्यावर गार्डने पकडलं तर तो कागद दाखवायचा आणि तो सोडून देतो. ड्रेलासाचे आजोबा मोराग टाँगमध्ये होते असं मी ठरवलं, डन्मर लोक दोनशे वर्षं सहज जगतात त्यामुळे हिशोब बसतो. ते तिला लहानपणी सांगायचे की आपल्याकडे खुनालासुद्धा कागद लागायचा, कुणीतरी अर्ज करायचं, कुणीतरी तो ऐकायचं, मग हुकूम निघायचा. पोरीच्या डोक्यात खून राहिला नाही, ऐकणं राहिलं. आणि गंमत म्हणजे मोराग टाँग आणि डार्क ब्रदरहूडचं पिढीजात वैर. आजोबांना कळलं असतं तर तोंड बघितलं नसतं तिचं. हे मला फार आवडलं, कारण ती घरच्यांचं ऐकून जात नाहीये, घरच्यांचंच तत्त्व घेऊन शत्रूच्या दारात उभी आहे.

हे सगळं मला सुचलं ते आईमुळे. आई रिटायर व्हायच्या आधी कितीतरी वर्षं आवक-जावकला होती. तिचं एक ठरलेलं वाक्य आहे, अर्ज दिलास तर पोच घे, आवक नंबर नाही पडला तर तो कागद रद्दी. आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या तक्रारीचे पाच अर्ज एका ऑफिसात दिले, हेलपाटे घातले, पाचांपैकी तिघांची पोच आमच्याकडे आहे आणि उत्तर एकाचंही नाही. संध्याकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसायला मिळालं की मी कॅरेक्टरची वही काढते, त्या दिवशी ऐरोली गेल्यावर लिहिलं, "ड्रेलासाला मारायचं नाहीये, तिला पोच हवी आहे." घणसोली येईपर्यंत पुढचं सगळं सरळ लिहीत गेले.

मग अव्हेंटस या पोराची क्वेस्ट, जिथून ब्रदरहूडची लाईन सुरू होते, वेगळीच दिसायला लागली. पोराची आई गेली, त्याला रिफ्टनच्या अनाथाश्रमात पाठवलं, तिथून पळून तो विंडहेल्मला स्वतःच्या रिकाम्या घरात परत आला आणि मेणबत्त्यांच्या गोलात हाडामांसाचा पुतळा ठेवून ब्लॅक सॅक्रामेंट, म्हणजे ब्रदरहूडला बोलावायचा विधी, करत बसला, अनाथाश्रम चालवणाऱ्या ग्रेलॉडला मारायला. परत परत, एकटा. शेजाऱ्यांना माहिती आहे, गल्लीत लोक त्याच्याबद्दल कुजबुजतात आणि आपल्या कामाला लागतात. ड्रेलासा त्याच शहरातली, कुलूप उघडून आत गेली तेव्हा पोराला वाटलं ब्रदरहूडचं माणूस आलं. मी तिथे कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले. अर्ज दिलाय, कुणी आलेलं नाही, आणि चुकून एक बाई दारात उभी आहे. ती त्याला नाही कसं म्हणेल?

ऑनरहॉलमध्ये, म्हणजे त्या अनाथाश्रमात, मी घाई केली नाही. ग्रेलॉड पोरांना रांगेत उभं करून सांगते की तुम्हाला कुणी दत्तक घेणार नाही, आणि तिच्या दयाळूपणाबद्दल आभार पोरांकडून एका सुरात म्हणवून घेते. तो कोरस ऐकेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिले, मग ती झोपायच्या खोलीत गेल्यावर काम केलं. बाहेर येते तर पोरं आनंदाने ओरडतायत आणि बिचारी कॉन्स्टन्स, ग्रेलॉडची मदतनीस, जी पोरांशी खरंच प्रेमाने वागायची, घाबरून किंचाळत पळतेय. ड्रेलासाच्या वहीत त्या रात्री दोन ओळी लिहिल्या. एक, पोराला पोच मिळाली. दोन, कॉन्स्टन्सने कुणाकडे तक्रार करायची?

कुरियरने काळ्या हाताची चिठ्ठी आणली, झोपल्यावर उचलून नेलं, पडक्या झोपडीत ॲस्ट्रिड कपाटावर पाय सोडून बसलेली, हे तुम्हाला पाठ आहे. ॲस्ट्रिडचं म्हणणं काय, तर ग्रेलॉड आमचं काँट्रॅक्ट होतं, तू चोरलंस, आता एक जीव देणं लागतेस. समोर डोक्यावर पिशव्या घातलेले तिघं. इथे बरेच जण त्यातल्या वाशाला मारतात, कारण तो स्वतःच आपले गुन्हे फुशारकीने सांगतो. माझ्या आधीच्या सगळ्या कॅरेक्टर्सनी तेच केलं. ड्रेलासाने तिघांशी सगळं बोलून घेतलं आणि मग वाशालाच मारलं, पण नंतर विचारलं की खरं काँट्रॅक्ट कुणावर होतं, आणि ॲस्ट्रिड सांगत नाही. सांगतच नाही. तू हुकूम पाळलास एवढं पुरे आहे तिला. आजोबांच्या हुकूमनाम्यावर नाव असायचं. तिथेच पहिला खटका उडाला आणि मला बरं वाटलं, म्हटलं मोटिव्ह काम करतोय.

खरी परीक्षा नार्फीची. ब्रदरहूडमध्ये कामं वाटणारा नझीर पहिली जी काँट्रॅक्ट्स देतो त्यात आयव्हरस्टेडचा हा भिकारी. पडक्या घरात राहतो, रेडा नावाची बहीण परत येईल म्हणून वाट बघत बडबडत असतो. रविवार दुपार होती, आई शेजारी मेथी निवडत बसलेली, स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अगं, याला कशाला मारायचंय? हा तर नुसता बडबडतोय." मी म्हटलं, आई, त्याच्यावर काँट्रॅक्ट आहे. ती म्हणाली, "कुणी दिलं? काय केलंय यानं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं, कारण गेम ते सांगत नाही. तोवर माझा बाण सोडून झाला होता. आई काही बोलली नाही, मेथीच्या काड्या गोळा करून आत गेली.

मी तो सेव्ह लोड केला. या वेळी आधी खाणावळीत विल्हेल्मशी बोलले, पुलाखाली नदीत उतरून रेडाची हाडं शोधली, तिचा नेकलेस नेऊन नार्फीच्या हातात दिला. मग ड्रेलासा दोन दिवस त्या गावात राहिली, काही न करता, सर्व्हायव्हल मोडमध्ये म्हणजे खाणं आणि शेकोटी सांभाळत. तिसऱ्या रात्री तिने काम केलं. का केलं यावर मी गाडीत दोन फेऱ्या विचार केला. तिला अजून वाटत होतं की वर कुणीतरी ऐकून मगच नाव पाठवतं, तिला सांगत नाहीत एवढंच. म्हणजे तिने विश्वास ठेवला. वहीत नार्फीच्या नावापुढे आवक नंबरची जागा मी रिकामी सोडली आहे आणि ती रिकामीच राहणार.

मुइरीचं काँट्रॅक्ट त्यामानाने सोपं गेलं, कारण तिथे तक्रार करणारी समोर बसून बोलते. अलेन ड्यूफॉन्टने तिला फसवलं, तिच्या आडून शॅटर-शील्ड घराण्याला लुटलं. अलेनचं काम ड्रेलासाने मनापासून केलं. पण मुइरी वर त्या घराण्यातल्या निल्सिनलाही मारायला सांगते, ऐच्छिक म्हणून. शॅटर-शील्ड म्हणजे विंडहेल्मचे मोठे लोक, गोदीवरच्या अर्गोनियन हमालांना कमी मजुरी देणारे, ड्रेलासाला त्यांच्याबद्दल प्रेम असायचं कारणच नाही. तरी नाही मारलं. निल्सिनची एक बहीण आधीच खुनात गेलीय, आणि निल्सिनचा गुन्हा एवढाच की तिने मैत्रिणीवर विश्वास ठेवला नाही. बक्षीस कमी झालं, चालेल. बाजारात ड्रेलासा आणि निल्सिन एकमेकींसमोरून गेल्या तेव्हा मी मुद्दाम थांबून तिला जाऊ दिलं.

आणि मग सिसेरो. मी ही लाईन याआधी दोनदा खेळलेय पण सिसेरोचं दुःख मला याच वेळी दिसलं. हा माणूस वर्षानुवर्षं नाइट मदरच्या, म्हणजे ब्रदरहूड जिला आई मानतं तिच्या, प्रेताला तेल लावतोय, तिच्याशी बोलतोय आणि ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. तिचा आवाज ज्याला ऐकू येतो तो लिसनरच नाही, म्हणजे लोकांनी केलेली सॅक्रामेंट्स ऐकणारं कुणी नाही. ॲस्ट्रिडची माणसं अफवांवर चालतात, कुठे कुणी विधी केला असं कानावर आलं तर जातात. म्हणून तर अव्हेंटस इतके दिवस बसून होता! ड्रेलासाला कळलं की वर कुणीच नाहीये. नार्फीच्या वेळी तिने ज्याच्यावर विश्वास ठेवला ते टेबलच रिकामं आहे. इथे ती निघून गेली असती, आणि मी तिला ब्रदरहूड संपवायला ड्रॅगन ब्रिजला कमांडर मारोकडे पाठवायच्या विचारात होते, पण त्यासाठी आधी ॲस्ट्रिडला मारावं लागतं आणि तिला एव्हाना हात लावता येत नाही, ती संधी झोपडीतच होती.

त्याऐवजी ॲस्ट्रिड तिला सिसेरोवर पाळत ठेवायला शवपेटीत लपायला सांगते. आत काळोख, प्रेताशेजारी दाटीवाटीने उभी, आणि तो आवाज. नाइट मदर ड्रेलासाशी बोलते. सिसेरोशी नाही, ॲस्ट्रिडशी नाही. रात्री दीड वाजता हेडफोन लावून हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, सगळं माहिती असून. जी पोरगी आयुष्यभर कुणी ऐकेना म्हणून इथवर आली तिलाच सांगितलं की आता तू ऐकायचंस. मी हे प्लॅन केलं नव्हतं, खरंच, दाद हा शब्द पकडला तेव्हा लिसनर माझ्या डोक्यातही नव्हता.

सध्या ती व्होलुनरूड या जुन्या थडग्यात आहे, नाइट मदरने सांगितलेल्या माणसाला भेटायला. ॲस्ट्रिडने आधी अडवलं, मग पाठवलं. आत अमॉन्ड मॉटिएर, उंची कपडे, सोबत बॉडीगार्ड, आणि त्याला बादशहाचा खून हवाय. हे मी आईला सांगितलं, म्हटलं बघ, पहिला अर्ज ऐकू आला तो याचा. ती चष्मा पुसत म्हणाली, "आणि त्या पोरासारखे जे मधल्या काळात बसून होते, त्यांचे अर्ज कुठेत?" माझ्याकडे याचंही उत्तर नव्हतं.

सेव्ह तिथेच केलाय. दाद वहीत आवक नंबर १ लिहून पुढे मॉटिएरचं नाव अजून लिहिलेलं नाही. शनिवारी बसेन तेव्हा ड्रेलासा आधी गाडी पकडून विंडहेल्मला अव्हेंटसच्या घरी जाणार, मग परत इथे.