डोळे दिपले, पण गोष्ट कुठंय?

नाताळच्या सुट्टीत भाचरं सांगलीला आलेली, म्हणून परवा रात्री टीव्हीवर एक इंग्लिश म्युझिकल लावला, नुसता बर्फ, चकाकणारा राजवाडा, पन्नासेक माणसं एकदम नाचतायत, पहिली वीस मिनिटं पोरं गप्प आणि मग एकेक जण भडंगाच्या डब्याकडं सरकायला लागला. धाकटी म्हणाली, "मामा, हिला नक्की पाहिजे काय?" झालं! तीन गाणी संपली तरी हिरॉईन होती तिथंच.

थाटमाटाला माझी ना नाही हां. १९३९ चा 'द विझार्ड ऑफ ऑझ' हा पिक्चर घ्या, हिरॉईन डोरोथीचं कॅन्ससचं घर तपकिरी आणि दार उघडलं की रंगच रंग, पण तो रंग अंगावर येतो कारण आधी डोरोथीनं इंद्रधनुष्याच्या पलीकडं जायचं गाणं म्हटलेलं असतं ना. आणि आपल्याच सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्यांच्या नाटकात सूत्रधार पदं गायचा, नट सुचेल तसं बोलायचे, राक्षस आरडाओरडा करत यायचे, म्हणजे थाटमाट त्यातही होताच की, पण सीतेला काय पाहिजे हे कुणाला विचारावं लागलं नसणार.

आमचा पिक्चर अर्धाच राहिलाय. भडंग संपलं.