रांगण्यावरची कॉफी, आणि ती उकळायची नाही

परवा रांगण्याला जाऊन आलो. डिसेंबरची थंडी, गडावर रांगणाई देवीच्या देवळाजवळ मुक्काम, आणि सकाळी साडेसहाला हातात स्टीलचा पेला. आमच्या ग्रुपमध्ये एकजण आहे जो जन्मभर फक्त चहाच पितो, त्यानं पण दुसऱ्यांदा पेला पुढं केला. आल्यापासून तिघांनी फोन करून विचारलं की ती कॉफी केलीस कशी सांग, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

आधी हे सांगतो की आपण कोल्हापूरची माणसं दुधावर वाढलेली. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं ताजं धारोष्ण दूध पिणारं गाव हे. आपल्यात कॉफी म्हणजे पाहुणे आले की घट्ट दुधात दोन चमचे इन्स्टंट पावडर, भरपूर साखर, वर चिमूटभर जायफळ, झालं. मला ती कॉफी आजही आवडते, आईच्या हातची तर फारच. पण तिच्यात चव असते ती दुधाची आणि जायफळाची, कॉफी आपली नावाला असते. त्यामुळं मी ट्रेकला जायला लागलो तेव्हा पण तेच करत होतो, दूध पावडर, साखर, इन्स्टंटचे पाऊच. मग एकदा कुणीतरी चिकमंगळूरहून चांगली कॉफी पावडर आणून दिली, ती मी मोठ्या हौसेनं पन्हाळा-पावनखिंड ट्रेकला नेली. मुक्कामाला ती पातेल्यात टाकली आणि चहासारखी दहा मिनिटं रटरटा उकळली. काढ्यासारखी कडू झाली, कुणालाच पिववली नाही, सगळी ओतून द्यावी लागली. पावसात दिवसभर चालून आलेल्या पोरांना गरम काहीतरी द्यायचं होतं आणि ते मला जमलं नाही याचं त्या रात्री लई वाईट वाटलं.

पुढं बेळगावला आत्याकडं गेलो तेव्हा हा किस्सा सांगितला. आत्याच्या घरी पितळी डबरा-पेला (कॉफीची वाटी आणि पेला), स्टीलचा फिल्टर, सगळं आहे, तिच्या सासरी कॉफीच चालते. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "अरे कॉफी म्हणजे काय चहा व्हय रे उकळायला?"

सगळी गोष्ट त्यातच आहे. विस्तवावर पाणी तापवायचं, दूध तापवायचं, कॉफी कधीच ठेवायची नाही.

का ते पण समजून घ्या, म्हणजे विसरायला होत नाही. आपला चहा सीटीसीचा, दाणेदार, दुधात उकळला तरी टिकतो कारण त्यातला तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. कॉफीचं तसं नाही. गरम पाण्यात पावडर पडली की आधी आंबूस आणि सुगंधी भाग सुटतो, मग गोडसर, आणि सगळ्यात शेवटी कडू. तुम्ही उकळत ठेवलं की सुगंध वाफेबरोबर उडून जातो आणि कडू मात्र खरवडून खरवडून बाहेर येतं. तंबूभर घमघमाट सुटला म्हणजे तो वास पेल्यातनं गेला असं समजायचं. पाणी ९० ते ९६ अंश असलं की बास. काहीजण म्हणतात गडावर पाणी नीट तापतच नाही, तर साधारण ३०० मीटर चढलं की उकळबिंदू एक अंशानं कमी होतो, म्हणजे रांगण्यावर पाणी ९७-९८ च्या आसपास उकळतं आणि कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पण ९४-९५ ला. सह्याद्रीत कुठंही गेलात तरी कॉफीपुरतं पाणी तापतंच, उलट उकळी बंद झाल्यावर आपल्याला खालच्यापेक्षा कमी वेळ थांबावं लागतं.

आता पावडर. दुकानात जी फिल्टर कॉफी मिळते तिच्यात बऱ्याचदा चिकोरी म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळलेली असते, पुडक्यावर ८०:२० किंवा ७०:३० असं कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण लिहिलेलं असतं ते बघा. चिकोरी वाईट नाही, दुधाच्या कॉफीला तिनं रंग आणि दाटपणा येतो, पण काळी कॉफी प्यायची असेल तर बिनचिकोरीची घ्या. दळण हा दुसरा मुद्दा आणि माझ्या मते निम्मी चव इथंच ठरते. पातेल्यात करायची असेल तर जाड्या रव्याएवढं दळण पाहिजे, आणि फिल्टरला बारीक रव्यापेक्षा थोडं बारीक. बेसनासारखं झालं की चोथा खाली बसत नाही आणि दातात येतो. घरच्या मिक्सरला दळू नका, त्यात निम्मं पीठ होतं आणि निम्मे तुकडे राहतात. दुकानदाराला सांगून दळून घ्या नाहीतर हातानं फिरवायची छोटी चक्की मिळते ती घ्या, मी ट्रेकच्या आदल्या रात्री चक्कीवर दळतो आणि एकावेळची एक अशा झिपच्या छोट्या पिशव्या भरून सगळ्या एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत टाकतो. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे, कॉफी हवेतली ओल लगेच ओढून घेते आणि कागदाच्या पुडीतली तर एका दिवसात मऊ पडते.

काळी कॉफी करायला पातेलं, झाकण आणि चमचा सोडून काहीच लागत नाही. एका माणसाला पाव लिटर पाणी आणि १५ ग्रॅम पावडर, म्हणजे पोह्याचे नाहीत, मोठे मापाचे टेबलस्पून असतात ते सपाट तीन. वजनकाटा न्यायची गरज नाही, घरी एकदा मोजून बघा आणि तुमच्या चमच्याचा अंदाज लक्षात ठेवा. पाणी खळाखळा उकळलं की गॅस बंद. अर्धा मिनिट थांबा. मग पावडर टाका, सगळी भिजेल असं एकदा ढवळा, झाकण ठेवा आणि चार मिनिटं त्याला हात लावू नका. दळण ताजं असेल तर वर फुगून जाड थर येतो, तो भाजताना दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडत असतो, चांगली खूण आहे. चार मिनिटांनी चमच्यानं तो थर फोडा, वरचा फेस काढून टाका, गार पाण्याचा एक हबका मारा आणि अजून दोन-तीन मिनिटं थांबा. चोथा तळाला बसतो. मग पातेलं न हलवता हळूच पेल्यात ओतायचं आणि तळाचं दोन घोट पाणी तिथंच सोडून द्यायचं. गाळणीची पण गरज पडत नाही, अगदीच वाटलं तर धुतलेलं मलमलचं फडकं.

बाजारात एरोप्रेस (हातानं दाबून कॉफी काढायचा नळा) मिळतं, मोका पॉट (वाफेच्या दाबावर कॉफी करायचं भांडं) मिळतो, कपावर अडकवायच्या तयार पुड्या पण मिळतात. एरोप्रेस मी मित्राचं वापरून बघितलंय, हलकं आहे, कॉफी छान होते, एकटाच जाणार असाल तर घ्या. पण आम्ही सहाजण असतो आणि प्रत्येकाला एकेक कप काढून देईपर्यंत पहिल्याची गार होते.

रांगण्याला जी केली ती मात्र आत्याची पद्धत, फक्त गडावर नेलेली. तिनं मला तिचा जुना स्टीलचा फिल्टर दिलाय, दोन मजली, वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोकं. रात्री जेवण झालं की वरच्या भांड्यात पावडर भरायची, आतली चकती अलगद ठेवायची, दाबायची नाही, वरून गरम पाणी ओतायचं आणि झाकण लावून फिल्टर देवळाच्या पायरीवर सपाट जागा बघून ठेवून द्यायचा. तिरका ठेवला तर पाणी एकाच बाजूनं उतरतं आणि डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरणारा कॉफीचा दाट अर्क, पांचट होतं. आपण गप्पा मारतोय, चांदण्या बघतोय, तोवर थेंब थेंब करत ते खाली उतरलेलं असतं. मी ते छोट्या बाटलीत काढून ठेवतो. सकाळी उठल्यावर गार वाऱ्यात काहीच खटाटोप नाही, फक्त दूध तापवायचं, पेल्यात अंदाजानं डिकॉक्शन घ्यायचं आणि वरून कडकडीत दूध. थंडीत एक रात्र डिकॉक्शनला काही होत नाही.

दुधाचं काय, तर दूध पावडर बंद करा. कोल्हापूरहून गारगोटी, कडगाव, पाटगाव करत भटवाडीला पोचेपर्यंत वाटेत कितीतरी गोठे लागतात. आम्ही भटवाडीत एका घरी विचारलं, तिथल्या मावशींनी किटली भरून म्हशीचं दूध दिलं, पैसे घेईनात, शेवटी त्यांच्या नातवाच्या हातावर ठेवले. "गडावर जाऊन कापी करनार व्हय, बरं बरं," म्हणाल्या, आणि किटलीच्या तोंडाला केळीचं पान बांधून दिलं, हिंदकळू नये म्हणून. रात्री पोचल्या पोचल्या ते एकदा उकळून ठेवलं, सकाळी परत तापवलं. साय अशी आली होती की चमचा उभा राहील. पावडरच नेणार असाल तर आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या, एकदम गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होतात.

साखरेऐवजी मी गूळ नेतो, आपल्याकडचा गूळ सोडून साखर का न्यायची. पण गूळ उकळत्या दुधात टाकू नका, दूध फाटतं. आधी पेल्यात गरम डिकॉक्शनमध्ये किंवा थोड्या गरम पाण्यात गूळ विरघळवून घ्या, दूध विस्तवावरून उतरवून घटकाभर थांबा आणि मग घाला. माझं एकदा किटलीभर दूध याच्यात गेलंय.

स्टोव्हबद्दल थोडक्यात. चूल पेटवू नका, गडावर आणि जंगलात तर अजिबातच नको, मार्चनंतर सगळं गवत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी डोंगर जाळते. छोटा स्क्रूवाला गॅस, म्हणजे डब्याएवढा कॅनिस्टर आणि त्यावर बसणारा स्टोव्ह, न्या. वारा नसेल तर एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात मात्र दुप्पट जातो, म्हणून तटबंदीच्या किंवा दगडाच्या आडोशाला बसा. पण कॅनिस्टरभोवती सगळीकडून आडोसा करून त्याला कोंडू नका, तो तापला तर धोका आहे. आणि कितीही थंडी असू दे, बंद तंबूत स्टोव्ह लावायचा नाही, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळत पण नाही आणि माणूस झोपेतच जातो. हे मी प्रत्येक नवीन पोराला हात धरून सांगतो.

चोथा टाक्यात किंवा तळ्याच्या काठाला ओतू नका. रांगण्यावरच्या तळ्याचं पाणी मागून येणारे लोक पण वापरतात. पिशवीत बांधून घरी आणा, आमच्या परड्यातल्या जास्वंदीला मी तोच घालतो.

तर त्या दिवशी सकाळी खाली कोकणात सगळं धुकं भरलेलं, सिंधुदुर्गाच्या बाजूचं एकेक डोंगराचं टोक तेवढं वर आलेलं, आणि आम्ही सहाजण तटाला टेकून कुणीच काही बोलत नव्हतो. बाटलीतलं डिकॉक्शन संपलं तेव्हा ऊन नुकतंच गडावर आलं होतं. उतरताना मावशींची किटली धुऊन परत दिली, आत थोडा गूळ घालून.

गारगोटीत रेंज आली तशी आत्याला फोन लावला, म्हटलं आत्या तुझ्या फिल्टरनं गडावर कॉफी केली, सगळ्यांना आवडली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दूध कसलं घातलास?"

"म्हशीचं. ताजं."

"मग बरी झाली असणार," म्हणाली.