चिखलदऱ्यात सात फेऱ्या

बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा (जिच्या निकालावरून खेळाडूचा मानांक ठरतो) म्हटलं की शहरातला हॉल, पायऱ्यांवर डबे घेऊन ताटकळलेले आईबाबा आणि डाव हरून त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी पोरं. हे बदलावं म्हणून आम्ही पट, मोहरे, घड्याळं गाडीत भरली आणि परतवाड्यावरून घाट चढून चिखलदरा गाठलं. विदर्भातलं हे थंड हवेचं ठिकाण, उंची अकराशे मीटरच्या आसपास. इथं कॉफी पिकते, हे आमच्यातल्या कित्येक पालकांना वर आल्यावर कळलं!

खरा वाद झाला फेऱ्यांवरून. आमच्या आयोजक मंडळींचं म्हणणं, पाच दिवस आहेत तर 9 फेऱ्या घ्या. मी 7 वर अडून बसलो. प्रत्येक खेळाडूला 90 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद जादा, या वेळेत 60 चालींचा डाव चार तास चालतो. दिवसाला दोन डाव म्हणजे लेकराचे आठ तास खुर्चीत. मग डोंगरावर यायचं कशाला? म्हणून एक, दोन, एक, दोन, एक अशी मांडणी केली. स्पर्धा स्विस पद्धतीची, तीत कुणी बाद होत नाही. समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. पहिल्या जागेसाठी बरोबरी झालीच, तर बुखोल्झ आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज; ज्याची जास्त तो पुढं.

घाटात ट्रक अडकला तर? नियमावलीत उशिराची सवलत छापलेली नसेल, तर वेळेवर पटावर नसलेला खेळाडू डाव गमावतो. आम्ही अर्धा तास छापला आणि पहिली फेरी दुपारी ठेवली. अशा ठिकाणी स्पर्धा घेणाऱ्यानं ही एक ओळ विसरूच नये.

दुसऱ्या दिवशी ऐन फेरीत लाइन गेली. चहावाले काका दारातून म्हणाले, "सर, आता घड्यायं चालतीन का?" घड्याळं सेलवरची, ती चालूच होती. खिडकीकडची टेबलं उजेडात होती, आतल्या रांगांसाठी पंचांनी डाव थांबवून टेबलं पुढं ओढली. एकही मोहरा हलला नाही. पुढच्या फेरीच्या जोड्या मात्र लॅपटॉपच्या बॅटरीवर काढून हातानं लिहून लावाव्या लागल्या. जनरेटर हवाच.

तिसऱ्या दुपारी सगळे गाविलगडावर. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, तरी आतला तट उरलाच होता. सकाळी हरलेली अचलपूरची एक पोरगी दरीकडं बघत म्हणाली, "सर, इथून हत्तीचं काम नाही, घोडाच जाईन." मग तिथंच दगडावर बसून तिनं सकाळचा डाव तोंडपाठ सांगितला, कुठं चुकलं तेही. शेजारी तिचे बाबा ऐकत होते, शांतपणे. शहरातल्या पायऱ्यांवर हे बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकल्यापासून गावोगावच्या मुली पट मागतायत. त्यांच्यासाठी अशा स्पर्धा तालुक्या-तालुक्यात व्हायला हव्यात. चिखलदऱ्यात घेणार असाल तर दिवाळीनंतरचे आठवडे धरा: पावसाळ्यात घाटात धुकं असतं, मे महिन्यात खोल्या मिळत नाहीत. आणि शेवटची फेरी सकाळीच ठेवा, म्हणजे यवतमाळ-गोंदियाच्या पोरांना बक्षीस घेऊन उजेडात खाली उतरता येतं.