आमची वाटचाल : मेक्सिकोच्या ग्रंथालयांतून

वाचनाचे पैसे मागायला शिकण्यात आमची सुरुवातीची वर्षं गेली. फर्म २०१६ साली मेक्सिको सिटीत सुरू झाली. मी पुण्याची, माझी भागीदार इथलीच, पेशाने ग्रंथपाल. महाराष्ट्रातल्या छोट्या-मध्यम कारखानदारांना मेक्सिकोचा बाजार, तिथले कायदे, कंपन्यांची कुळकथा आणि लोकांच्या सवयी यांबद्दल जे हवं असतं, ते आम्ही ग्रंथालयं, राजपत्रं, नोंदणीची दप्तरं आणि जुनी वर्तमानपत्रं चाळून लिहून देतो. माल खपवून देत नाही, दलाली घेत नाही. दलालीत पैसा जास्त आहे हे आम्हालाही कळतं. पण सौदा झाला तरच पैसे मिळणार असतील, तर "या भानगडीत पडू नका" हे वाक्य अहवालात लिहिताना हात थबकतोच. आमच्या कितीतरी अहवालांचं सार नेमकं तेच असतं.

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवाल्या काकांनी फोनवर विचारलं होतं, "म्हणजे ताई, तुम्ही पुस्तकं वाचायचे पैसे घेता?" त्यात टोमणा नव्हता, खरंखुरं कुतूहल होतं. त्यांना हवी होती बायरची यादी. यादीला आपल्याकडे फार मान. खरं तर ती फुकट मिळते. इनेगी ही मेक्सिकोची सांख्यिकी संस्था. १९८५च्या भूकंपानंतर ती राजधानीतून आग्वासकालिएन्तेसला हलवली. तिची देशभरातल्या आस्थापनांची सूची कुणालाही घरबसल्या उघडता येते. पत्ता, धंद्याचा प्रकार आणि किती माणसं कामाला आहेत याचा पल्ला एवढं त्यात असतं. उलाढाल नसते. कोण बाहेरून माल घेतो, कोण पैसे वेळेवर देतो, हे तर नसतंच.

काकांचा माल म्हणजे ब्रेक ड्रम. त्यांच्या डोक्यात होतं ग्वानाह्वातो आणि केरेतारोच्या पट्ट्यातल्या मोटार कारखान्यांना पुरवठा करायचा. चाकण-तळेगावच्या सहवासात वाढलेल्या कुणालाही हेच सुचेल. मलाही मेक्सिको माहीत झाला तो चाकणमुळेच. फोक्सवॅगनची व्हेंटो तिथून मेक्सिकोला जायची, आणि मी एका पुरवठादाराकडे स्पॅनिश कागदपत्रं बघायचे. पुढे तळेगावची शेवरोले बीटही इकडे येत राहिली. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं बंद केल्यावरही तो कारखाना २०२०च्या डिसेंबरपर्यंत निर्यातीवर चालला.

पण तयार गाडी मेक्सिकोत विकणं वेगळं आणि मेक्सिकोत बनून अमेरिकेला जाणाऱ्या गाडीत आपला भाग घालणं वेगळं. जकात न भरता गाडी अमेरिकेत जायची तर १९९४च्या नाफ्टा या अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या व्यापार करारात तिच्या किमतीचा ६२.५ टक्के हिस्सा उत्तर अमेरिकेतला असावा लागे. १ जुलै २०२०पासून त्याच्या जागी आलेल्या टी-मेक करारात तो ७५ टक्के झाला. शिवाय गाडी बनवणाऱ्या कंपनीने घेतलेल्या पोलाद आणि ॲल्युमिनियमपैकी ७० टक्के त्याच तीन देशांतलं हवं. कोल्हापूरचं ओतकाम कितीही सुबक असलं तरी या हिशेबात ते 'बाहेरचं'. काका दोन पैसे कमी लावायला तयार होते, पण अडचण किमतीची नव्हतीच.

मग आम्ही गाडी बनते तिथे न बघता ती दुरुस्त होते तिथे बघितलं. मेक्सिकोत अमेरिकेतल्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षं सीमेवरून येत आल्या आहेत, त्यातल्या पुष्कळशा कागदपत्रांविना. लोक त्यांना 'चॉकलेट गाड्या' म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने हुकूम काढून त्या कायदेशीर करून घ्यायची सोय केली. आधी उत्तरेकडच्या सीमाभागात, मग इतरत्र. जुनी पिकअप कागदोपत्री मालकाची झाली की तो तिच्यावर खर्च करायला लागतो. ब्रेक ड्रम लागणार, आणि गॅरेजवाला त्याची उत्पत्ती विचारणार नाही. हे सगळं राजपत्रात आणि सीमेवरच्या शहरांच्या वर्तमानपत्रांत पडून होतं. काकांनी पैसे दिले, वर यादीही मागून घेतली.

ग्रंथालयांबद्दल लिहायला बसले तर थांबायची नाही. पुण्यात असताना गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात बसायची सवय लागली होती, म्हणून मेक्सिको सिटीत आल्यावर तशीच जागा शोधली. ती सापडली मध्यवर्ती जुन्या शहरात, एल साल्वादोर रस्त्यावर. मिगेल लेर्दो दे तेहादा ग्रंथालय, अर्थखात्याचं. इमारत जुनं प्रार्थनामंदिर. भिंतींवर व्लादी या चित्रकाराची प्रचंड चित्रं, क्रांत्यांची. त्या रंगांच्या गदारोळाखाली बसून साखरेचे भाव वाचायचे. इथलं खरं धन म्हणजे आर्थिक विषयांवरच्या वर्तमानपत्री कात्रणांचा संग्रह. विषयवार फोल्डर. एकेक कात्रण कागदावर डकवलेलं, कडेला वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख, कागद इतका ठिसूळ की कोपरा धरून उलटावा. एखादी कापडगिरणी का बुडाली, कुणी घेतली, संप किती लांबला, ही गोष्ट एका फोल्डरमध्ये सलग मिळते. संगणकावर ती तुकड्यातुकड्याने मिळते, आणि बहुतेक वेळा मधलाच तुकडा हरवलेला असतो.

दुसरी जागा एल कोलेहियो दे मेहिको ही उच्चशिक्षण आणि संशोधनाची संस्था, शहराच्या दक्षिणेला. तिथलं ग्रंथालय दानिएल कोसियो विएगास यांच्या नावाचं. याच गृहस्थांनी १९३४ साली फोन्दो दे कुल्तुरा एकोनोमिका ही प्रकाशनसंस्था काढली, अर्थशास्त्राची पुस्तकं स्पॅनिशमध्ये यावीत म्हणून. आमच्या कपाटातली अर्धी पुस्तकं तिचीच. तिसरी जागा म्हणजे राष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारातलं वर्तमानपत्रांचं राष्ट्रीय संग्रहालय. ब्वेनाविस्ताचं वास्कोन्सेलोस ग्रंथालय मात्र पाहुण्यांना दाखवायला नेते. छतापासून लोंबणारी कपाटं आणि मधोमध देवमाशाचा सांगाडा! डोळे दिपतात, पण आमचं काम तिथे फारसं होत नाही.

या जागांत बसून आकड्यांशी सावध वागायची सवय लागली. १ जानेवारी १९९३ला मेक्सिकोने चलनाची तीन शून्यं कापली. जुने हजार पेसो म्हणजे नवा एक. त्याआधीचा ताळेबंद हातात आला की पहिलं काम पेन्सिलने तारीख घेरायचं. इथला 'बियोन' इंग्रजीतल्या बिलियनसारखा ऐकू येतो, पण आहे बरोब्बर आपला एक लाख कोटी. इंग्रजीतून आलेल्या भाषांतरित अहवालांत या दोन्हींचा गोंधळ सर्रास दिसतो. त्यात १९८२चं बँकांचं राष्ट्रीयीकरण, नव्वदीच्या सुरुवातीला त्यांची पुन्हा विक्री आणि १९९४च्या डिसेंबरातली पेसोची घसरगुंडी. इथली साठ वर्षांची कंपनी या तिन्हींतून कशी तगली, हे विचारल्याशिवाय भागीदारीची बोलणी करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

कंपन्यांची कुळकथा काढण्यात भागीदार माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज. उत्तरेतल्या मोंतेर्रे या उद्योगनगरीचं उदाहरण घ्या. १८९०चा क्वाउतेमोक हा बिअरचा कारखाना, त्याला बाटल्या पुरवायला १९०९चा काचकारखाना, पुढे १९४३चा पोलादाचा कारखाना. एकातून दुसरं निघत गेलं आणि सगळं काही मोजक्या घराण्यांत राहिलं. इथे माणूस बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतो. एउहेनियो गार्सा सादा हे त्या उद्योगांचे धुरीण. १९४३ साली मोंतेर्रेची तंत्रज्ञान संस्था काढण्यात ते पुढे होते आणि १९७३ मध्ये अपहरणाच्या प्रयत्नात मारले गेले. गार्सा वडिलांकडचं, सादा आईकडचं. संचालकांच्या नावांतलं दुसरं आडनाव नीट वाचलं तर कोणत्या दोन कंपन्या सोयरिकीने बांधलेल्या आहेत हे कळतं. आपल्याकडे आईचं माहेर नावातून गायब होतं, म्हणून आपल्या ग्राहकांची नजर पहिल्याच आडनावावर थांबते.

हे सगळं ताडून बघायला व्यापार नोंदणीतलं स्थापनापत्र काढावं लागतं, आणि तिथे गाठ पडते नोटरीशी. शिवाजीनगर कोर्टाबाहेरचा नोटरी डोळ्यांसमोर आणू नका. इथला नोटरी म्हणजे परीक्षा देऊन नेमलेला बडा वकील. प्रशस्त कचेरी, हाताखाली डझनभर माणसं, आणि फीही तशीच. आमची स्वतःची फर्म नोंदवताना त्याच्या बिलाने आमचं भांडवल चांगलंच हललं.

मार्च २०२० मध्ये ग्रंथालयांना टाळं लागलं. कात्रणांवर जगणाऱ्या फर्मचं काय होणार याची आम्ही धास्ती घेतली होती. तारलं टी-मेकने. करार जुलैत लागू झाला आणि ज्याला त्याला नियम समजून घ्यायचे होते. करार आणि राजपत्र दोन्ही घरून वाचता येत होतं. त्या काळात आम्ही कधी नव्हे इतकं काम केलं, आणि वाचायची फी आगाऊ घ्यायला लागलो. घासाघीस अगदीच थोड्यांनी केली.

संस्कृती आणि व्यापार अशी दोन वेगळी दालनं सुरुवातीला आमच्या माहितीपत्रकात होती. मग झेंडूचं काम आलं आणि ती एकत्र केली. दक्षिण भारतातल्या एका कंपनीला झेंडूच्या अर्काचा मेक्सिकोतला खप जाणून घ्यायचा होता. झेंडू मूळचा इथलाच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या सणात घरोघरी, कबरींवर त्याच्या पाकळ्यांच्या वाटा घालतात. आपल्याकडे दसऱ्याला तोच. कंपनीला वाटत होतं, सणाची परंपरा आहे म्हणजे खप सणाचा. खप निघाला कोंबडीचा. मेक्सिकोतल्या गिऱ्हाइकाला कोंबडीची कातडी पिवळीजर्द लागते, फिकट कोंबडी आजारी वाटते, म्हणून खाद्यात झेंडूचा रंग मिसळतात. तोही सगळीकडे सारखा नाही; प्रदेशागणिक पसंती बदलते. मंडईत जाऊन कोंबडीवालीला विचारलं तर ती बोटाने दाखवते, कुठली कुठल्या गिऱ्हाइकासाठी. एकेकाळी हा अर्क मेक्सिको स्वतः मोठ्या प्रमाणावर काढायचा. पुढे शेती आणि कारखानदारी चीन-भारताकडे सरकली. पशुखाद्याच्या मासिकांपासून पाककलेच्या पुस्तकांपर्यंत सगळं एकाच टेबलावर मांडावं लागलं तेव्हा अहवाल उभा राहिला. मला आजही तो आमच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक वाटतो.

उलट्या दिशेचं कामही हळूहळू येतं. मेक्सिकन मंडळींना भारताची भीती आणि ओढ दोन्ही असते. आम्ही त्यांच्यापुढे त्यांचेच दाखले ठेवतो. मोरेलियाची चित्रपटगृहांची कंपनी सिनेपोलिस २००९ मध्ये भारतात आली, किडझानिया हे मुलांचं खेळनगर २०१३ मध्ये घाटकोपरला उघडलं, बिम्बो ही बेकरी कंपनी इथल्या नव्हे, भारतातल्या पावाच्या धंद्यात शिरली. तिघांचाही मार्ग वेगळा, आणि त्यांच्यावर इथल्या वर्तमानपत्रांत भरपूर लिहून आलेलं आहे.

विदर्भातून कुणी आलं की मात्र काम बाजूला ठेवून आम्ही त्यांना जुन्या शिक्षण मंत्रालयात नेतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवायचे, मक्याच्या वाणांवर काम करायचे. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी मोडून देताना रंगवलं आहे. नागपूरचे एक बियाणेवाले ग्राहक तिथून हलायलाच तयार नव्हते. मका-संशोधनाचं त्यांचं काम आम्ही नेहमीपेक्षा कमी फीत केलं, हे भागीदाराला अजून पटलेलं नाही.

सध्या टेबलावर दुसरं काही नाहीच, फक्त जकात. मेक्सिकोचा भारताशी मुक्त व्यापार करार नाही. ज्यांच्याशी करार नाही अशा देशांच्या मालावर २०२३ आणि २०२४ मध्ये दोनदा जकात वाढली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १,४०० हून अधिक प्रकारच्या मालावर ती कमाल ५० टक्क्यांपर्यंत नेली, १ जानेवारी २०२६पासून. वाहनं, सुटे भाग, कापड, प्लॅस्टिक, पोलाद सगळे त्यात. ज्यांना आम्ही दुरुस्तीच्या बाजाराची वाट दाखवली त्यांचाही हिशेब नव्याने मांडावा लागतोय. काहींना "आता थांबा" असंच कळवलं आहे.

नव्या ग्राहकांना एक विनंती. आपल्या मालाचा भारतातला आठ आकडी जकात-कोड पाठवा, पण त्यावरून मेक्सिकोची जकात काढू नका. दोन्ही देशांत पहिले सहा आकडे तेवढे समान असतात. पुढचे दोन मेक्सिकोचे स्वतःचे, आणि त्यांच्यामागे आणखी दोन आकडी उपकोड असतो. मालाचा फोटो, धातूचा प्रकार आणि वजन कळवलंत तर दोन बाजूंचे कोड जुळवून आम्ही आधी जकात सांगतो. बाकीचं वाचन करायचं की नाही, हे त्यानंतर ठरवता येतं.