एलपीवरचा धयकालो

राणी आली, बाकड्यावर बसली, तिनं पदर सावरला आणि पदराचे चौकोन झाले. मग तोंडाचे. मृदंग खरवडल्यासारखा वाजून मध्येच तुटला आणि प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं कॅप्चर, म्हणजे टेपेवरचं कॉम्प्युटरवर उतरवून घेणं, थांबवलं. कारण तेच, फ्रेम गळाल्या, म्हणजे मधली काही चित्रं उतरलीच नाहीत. सकाळपासूनची ही पाचवी वेळ. गणपतीला चार दिवस उरले होते, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि समोरच्या खुर्चीतले काका, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना आपण बघतो ना, तसे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मालवणात माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं काम आहे. वीसेक वर्षं झाली. काका आचऱ्याच्या बाजूचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांचे वडील दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ म्हणतात, त्यातलेच. फक्त हे रात्री राणी असायचे. २००५ सालच्या जत्रेत गावच्या देवळासमोर त्यांचा धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, झाला, तो काकांनी हँडीकॅमवर घेतला होता. मिनीडीव्हीची, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल टेपेची, एकच कॅसेट. वडील गेल्या पावसाळ्यात वारले. आता चतुर्थीला मुंबईचे सगळे चाकरमानी घरी येणार, त्यांना टीव्हीवर आजोबा दाखवायचे, एवढंच काम. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं, संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे बोलायचे. म्हणजे त्या रात्री आजोबा काय बोलले ते या कॅसेटीत असेल तर असेल, नाहीतर कुठेच नाही.

कॅसेट काकांनी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. आमच्याकडच्या दमटपणात कॅसेटींना बुरशी धरते, टेपेच्या कडेला पांढरी पूड दिसते. मी झाकण उचलून बघितलं, टेप काळीभोर, स्वच्छ. त्यामुळे कॅसेटीवरचा संशय पहिल्याच मिनिटाला गेला आणि तिथंच मी फसलो.

उरला कॉम्प्युटर. हल्लीच्या लॅपटॉपला फायरवायरचं, म्हणजे असल्या कॅमेऱ्याची वायर जोडायचं, भोकच नसतं, आणि विंडोज ८ पासून तर कॅप्चरला लागणारा जुना ड्रायव्हर वेगळा आणून घालावा लागतो. म्हणून विंडोज ७ चा एक डबा मी कार्डासकट राखून ठेवला आहे. बायको त्याला म्युझियम म्हणते. डीव्हीचं कॅप्चर म्हणजे सेकंदाला साधारण ३.६ एमबी, तासाला १३ जीबी. आजच्या मानानं किरकोळ. पण टेप कुणासाठी थांबत नाही. डिस्क क्षणभर अडकली की तेवढ्या फ्रेम गेल्या, आणि माझी डिस्क म्हातारी. मग काय, अँटीव्हायरस बंद केला, बाहेरची डिस्क काढून आतल्या डिस्कवर घेतलं, वायर बदलली, कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. शेवटी ‘फ्रेम गळाल्यास कॅप्चर थांबवा’ ही खूणच काढून टाकली. मग ते थांबायचं राहिलं, पण फाइल उघडली तर राणीची सगळी फरशी झालेली.

अकरा ते एक यात गेले.

एक वाजता लाइट गेली. यूपीएसनं दोन वेळा कुईंकुई केलं आणि तोही झोपला. खोलीत अंधार. आणि त्या अंधारात ज्यात ती कॅसेट चालवत होतो तो माझा कॅमेरा, बॅटरीवर असल्यामुळे, आपला चालूच. त्याच्या तीन इंची पडद्यावर राणी बाकड्यावरून उठली, दोन पावलं पुढे आली आणि चौकोनात विरघळली.

कॉम्प्युटर तर बंद होता!

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पडद्यावर चित्र फुटत असेल तर पुढचं सगळं निर्दोष, हे मी हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. आणि स्वतः दोन तास डिस्क बदलत बसलो होतो. क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवली, फरक नाही. माझी एक जुनी लग्नाची कॅसेट घातली, ती काचेसारखी स्वच्छ. परत काकांची घातली, आणि या वेळी चित्राकडे न बघता कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांकडे बघितलं. एलपी.

काकांनी साठ मिनिटांच्या कॅसेटीत नव्वद मिनिटं मावावीत म्हणून लाँग प्ले लावला होता. तेव्हा सगळेच लावायचे, कॅसेट स्वस्त नव्हती. एलपीत टेप दोन तृतीयांश वेगानं सरकते, म्हणून टेपेवर चित्र ज्यात लिहिलं जातं त्या रेघा जवळजवळ पडतात. एसपीत, म्हणजे नेहमीच्या वेगात, एकेक रेघ १० मायक्रॉन रुंद, एलपीत ६.७. आपला केस याच्या दसपट जाड असतो. रेघ इतकी बारीक झाली की ज्या कॅमेऱ्याच्या हेडनं, म्हणजे टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागानं, ती ओढली त्यालाच ती नीट सापडते. दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड केसभर, म्हणजे केसाच्याही दहाव्या हिश्शानं, इकडेतिकडे असलं तरी ते रेघेवरून घसरतं, आणि जे वाचता आलं नाही तिथं कॅमेरा आधीच्या फ्रेमचे तुकडे चिकटवतो. ते चौकोन हेच.

“काका, ज्या कॅमेऱ्यान ह्या काढलास तो खंय आसा?”

“माळ्यार आसतलो. पण तो मेलो. पडदो लागणा नाय.”

मला पडदा नकोच होता. हेड आणि मोटर चालली की झालं. काकांनी पुतण्याला फोन लावला, आणि चार वाजता तो पोरगा स्कूटरवरून नखशिखांत भिजून हजर झाला. कॅमेरा तीन पिशव्यांत गुंडाळलेला, वर नारळाच्या सुंभानं बांधलेला. सोबत चार्जर होता, हे नशीब. लाइटही आली होती. वीज दिली, भिंगाशेजारी लाल दिवा लागला, फ्लॅपचा पडदा खरंच मेलेला, पण डोळा लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अक्षरं उमटली. त्यात पाण्याचा थेंब लुकलुकत होता.

थेंब म्हणजे आत दव. अशा वेळी कॅमेरा कॅसेट घेत नाही, आणि घेत नाही तेच बरं. हेड बसवलेल्या ड्रमला ओल असताना टेप चिकटली की ती गुंडाळूनच बाहेर येते. काकांनी हेअर ड्रायर सुचवला. मी हात जोडले. कॅसेटीचं दार उघडं टाकून कॅमेरा टेबलावर ठेवला, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, आणि दोन तास आम्ही चहा पीत बसलो. वडील दाढी दोनदा करायचे, मग सफेदा, मग काजळ, आणि तोंड रंगवून झालं की घरच्यांशीसुद्धा हळू आवाजात बोलायचे, असं बरंच काका सांगत होते. मी अर्धं लक्ष थेंबाकडे ठेवून ऐकलं.

सव्वासहाला थेंब गेला. कॅसेट आत. प्ले.

पायपेटीचा सूर आला. राणी आली, बाकड्यावर बसली, पदर सावरला आणि पदर पदरच राहिला. काका काही बोलले नाहीत. पुतण्या म्हणाला, “शिरा पडो, ह्ये आजोबा?”

आता पुढचं सोपं वाटलं, पण एकतिसाव्या मिनिटाला कॅप्चर पुन्हा थांबलं. या वेळी मी शहाणा झालो होतो, आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. चित्र स्वच्छ, पण टाइमकोड, म्हणजे टेपेवर चित्रासोबत लिहिलेला वेळेचा आकडा, शून्यावर. काकांनी त्या रात्री मध्येच टेप मागे घेऊन बघितली असणार आणि पुढे कोरी जागा सोडून परत रेकॉर्डिंग चालू केलं असणार. आकडा तुटला की सॉफ्टवेअर गोंधळतं. यावर इलाज जुना आहे. डिव्हाइस कंट्रोल ‘नन’वर ठेवायचा, म्हणजे सॉफ्टवेअरनं कॅमेरा चालवायचा नाही, सीन डिटेक्ट, म्हणजे प्रसंग आपोआप तोडणं, बंद, प्लेचं बटण कॅमेऱ्यावर हातानं दाबायचं आणि मग कशालाही हात लावायचा नाही. नव्वद मिनिटं मी खरोखरच हात मांडीखाली घेऊन बसलो. साडेएकोणीस जीबीची एक फाइल, एकही फ्रेम न गळता.

एडिटिंगला त्यात काही नव्हतं, तरी दोन ठिकाणी अडलो. राणीनं गिरकी घेतली की लुगड्याच्या काठाला कंगव्यासारखे दात दिसत होते. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या, डीव्हीत प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, असते आणि खालचं फील्ड आधी येतं. माझ्या सीक्वेन्सवर लग्नांच्या सवयीनं वरचं आधी लागलेलं. ते बदलून सेकंदाला पन्नास फ्रेम काढल्या, गिरकी पाण्यासारखी झाली. दुसरं म्हणजे चित्र चारास तीनचं, टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार.

“टीव्ही भरान येवंदे,” काका म्हणाले.

“ताणलंय तर आजोबा जाडे दिसतले.”

“मगे नको. त्येंका कमरेचो मोठो अभिमान होतो.”

आवाजात सबंध वेळ कुणीतरी माइकजवळ खोकत होतं, अगदी संवादांच्या ऐन जागी. मी ते कमी करायला घेतलं तर काका ओशाळले. “ह्यो खोकलो माझो. तेव्हा बिडी होती.” झांजेचा वरचा सूर जायला लागला म्हणून मी तो खोकला शेवटी ठेवलाच.

रात्री साडेदहाला पेन ड्राइव्ह हातात दिला. जुना फॅट ३२ चा होता, एक फाइल चार जीबीच्या पुढे त्यात मावत नाही, म्हणून एच २६४ या व्हिडिओ आवळायच्या पद्धतीनं साडेतीन जीबीत बसवली. कॅमेरा पुन्हा पिशव्यांत बांधताना सांगितलं की हा मोडीत घालू नका, घरात एलपीची एकही कॅसेट शिल्लक असेपर्यंत तरी नको.

काका दारात थांबले. छत्री उघडता उघडता म्हणाले, “माझ्या भावाकडे मुंबयक आणखी तीन कॅसेटी आसत. बाबांच्योच. चतुर्थीक येताना घेवन येता.”

“कॅमेरो पण आणूक सांगा.”

“तो तेना कधीच इकल्यान.”