तिचा घास

"अगं, भरव ना तिला, सगळं सांडतेय," सासूबाई म्हणाल्या. लेक उकडलेल्या गाजराची फोड मुठीत धरून बसलेली. फोड आधी गालाला लागली, मग नाकाला. तोंडात गेली तशी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ती नजर दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, 8 महिन्यांची बहुतेक बाळं हाताने धरून खाऊ शकतात, वर्षाची झाली की घरातलंच जेवण. तरी आपला मिक्सर सुटत नाही. घशात अडकण्याची भीती खरीच आहे. म्हणून द्राक्षं उभी चिरायची, अख्खे शेंगदाणे नाहीत, आणि आपण समोर बसायचं. पण कालवलेला मऊ वरणभात तिच्यापुढे ठेवायला काय हरकत?

तुमच्या बाळाने आपल्या हाताने पहिल्यांदा काय खाल्लं?